सार्तारमधील जमातींचे राजकारण खेळात कसे आणावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्लोरान्था या कल्पित जगातील सार्तार नावाच्या डोंगराळ राज्यात तुम्ही पाच खेळाडूंना घेऊन 'रूनक्वेस्ट' हा भूमिकाखेळ, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या आधारे गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, चालवत आहात. सहा बैठका झाल्या आहेत. दर बैठकीला जमातीचा राजा एखादे काम सांगतो, खेळाडू ते पार पाडतात, इनाम घेतात आणि घरी जातात. ज्या राजकारणासाठी हे जग निवडले ते कुठे दिसत नाही, आणि देवांच्या कथा वाचायला दिल्या तर खेळाडूंना शाळेचा गृहपाठ दिल्यासारखे वाटते. तेव्हा कथा बाजूला ठेवून केवळ जमातींमधील डावपेच खेळवावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली चौदा वर्षे मी हे जग खेळवतो आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत मी नेमके तेच करून पाहिले होते. डावपेच त्यामुळे अधिक सपाट झाले. कारण सार्तारमध्ये दोन कुळे भांडतात तेव्हा ती देवांच्या कथांचाच आधार घेऊन भांडतात. कथा काढून घेतली की दोघांच्या हातात केवळ भाले उरतात. तुमची खरी अडचण मला दुसरीच दिसते. तुमचा राजा हुकूम देतो आणि तो पाळला जातो, आणि सार्तारमध्ये असे सहसा घडत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या खेळाविषयी मराठीत बोलताना आपण 'टोळी' हा शब्द सर्रास वापरतो आणि तिथेच घसरतो, कारण टोळी म्हटली की दरोडेखोर आठवतात, आणि त्यांना एक म्होरक्या असतो ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मी खेळताना भावकी, कूळ, जमात आणि राज्य असे चार शब्द ठेवतो. एकाच पूर्वजाची काही घरे मिळून भावकी होते. काही भावक्या मिळून कूळ, ज्यात काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारापर्यंत माणसे असतात. काही कुळे मिळून जमात. आणि जमातींच्या वर सार्तारचे राज्य. या चारांपैकी जन्माने मिळतात ती केवळ भावकी आणि कूळ. जमीन, गुरे आणि औजारे कुळाची असतात, खुनाची भरपाई कूळ देते आणि कूळच घेते. जमात हा कुळांनी आपसांत केलेला करार असतो. आपसांतील वैर मिटवायला एक चव्हाटा असावा, बाहेरच्या शत्रूविरुद्ध एकत्र उभे राहता यावे, एवढ्यासाठी तो केलेला असतो. करार मोडता येतो, कूळ जमात सोडून दुसरीकडे जाऊ शकते, आणि जमातीच्या राजाला हे पक्के ठाऊक असते.

म्हणून राजाच्या तोंडची वाक्ये बदला. ऑर्लान्थी लोकांचा, म्हणजे वादळदेव ऑर्लान्थला मानणाऱ्या या डोंगरी लोकांचा, एक आवडता सिद्धांत आहे की कोणी कोणाला काहीही करायला भाग पाडू शकत नाही. हा सिद्धांत ते अगदी गंभीरपणे पाळतात. राजाजवळ त्याचे घरचे हत्यारबंद मानकरी असतात, पण त्यांच्या बळावर तो एका कुळाला धाक घालू लागला तर बाकीची कुळे दुसऱ्या दिवशी नवा राजा शोधू लागतात. त्यामुळे राजा विनंती करतो, जुन्या उपकारांची आठवण देतो, भेटी देतो, मेजवान्या घालतो, मुलीबाळींच्या सोयरिकी जुळवतो आणि कुळांच्या मुखियांना एकेकटे गाठून त्यांचे मन वळवतो. दानत ही इथे सत्तेची पहिली अट आहे. ज्या मुखियाच्या हाताला पाणी सुटत नाही, त्याच्या मागे कोणी चालत नाही.

कुळाच्या पातळीवर हेच चित्र आणखी जवळून दिसते. कुळाचा कारभार मुखिया एकटा करत नाही. त्याच्याभोवती एक मंडळ बसते, आणि त्यात बहुधा सात जण असतात. सातच का, हे विचारले की आपण थेट पुराणात जातो. सृष्टीवर महाअंधार पसरला असताना मेलेला सूर्य परत आणण्यासाठी सात जण पाताळात गेले, त्यांना 'प्रकाश आणणारे' म्हणतात. ऑर्लान्थ, व्यापाराचा आणि बोलण्याचा देव इसारीज, ज्ञानाचा आणि कायद्याचा देव लँकोर माय, उपचारांची देवी शलाना अरॉय, लबाड युर्माल, सामान्य मर्त्य माणूस असलेला फ्लेश मॅन आणि गूढ अशी जिना जार हे ते सात. कुळाचे मंडळ शक्य तितके या सातांच्या धर्तीवर बसवायचे असते. तुमच्या पाच खेळाडूंना राजाचे शिपाई करण्याऐवजी याच मंडळात बसवा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण मंडळातल्या माणसाला काम सांगितले जात नाही, त्याला निर्णय घ्यावा लागतो.

मंडळातल्या लबाडाचेच पाहा. नवे गेममास्टर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे खेळ चालवणारे, त्याला विनोदापुरता ठेवतात. परंतु कथेनुसार ऑर्लान्थने युर्मालला आपल्या आश्रयाला घेतले होते, आणि त्या दाखल्यामुळे कुळातला लबाड हा मुखियाला बांधलेला असतो. त्याने जे काही केले त्याची जबाबदारी मुखियावर येते. लबाडाने शेजारच्या कुळाच्या मेजवानीत चोरी केली तर भरपाई मुखियाने द्यायची. मग असा माणूस ठेवायचा कशाला? कारण जी वाट कोणालाच सुचत नाही ती त्याला सुचते, आणि काही कथांच्या वाटेवर त्याच्यावाचून पुढे जाताच येत नाही. ही तारेवरची कसरत मुखियाचे पात्र करणाऱ्या खेळाडूला सहा महिने पुरते. माझ्या गटात ती दीड वर्ष पुरली होती.

आता मूळ कथेकडे येतो, कारण सार्तारच्या राजकारणाची सगळी मुळे तिच्यात आहेत. येल्म हा सूर्य, विश्वाचा सम्राट. ऑर्लान्थ हा दांडगा तरुण देव. दोघांच्या स्पर्धा झाल्या आणि शेवटी ऑर्लान्थने मृत्यू हे नवेच शस्त्र वापरून सम्राटाला ठार केले. येल्मच्या अनुयायांच्या दृष्टीने ही राजहत्या आणि महापातक. ऑर्लान्थींच्या दृष्टीने जुलमी सम्राटाचा अंत आणि पृथ्वीदेवी एर्नाल्डाची सुटका. परंतु ऑर्लान्थी लोकांची कथा इथे थांबत नाही, आणि म्हणूनच ती मला इतकी आवडते. सूर्य गेल्यावर अंधार आला, थंडी आली, केऑस नावाची विध्वंसक शक्ती जगात घुसली, देव मरू लागले, खुद्द एर्नाल्डा निद्रिस्त झाली. तेव्हा ऑर्लान्थने मान्य केले की हे माझ्या हातून घडले, आणि ते निस्तरण्यासाठी तो स्वतः पाताळात उतरला, ज्याला मारले त्याच्यासमोर उभा राहिला आणि भरपाई केली. त्यानंतर पहाट झाली. या जगातील कालगणना त्या पहाटेपासून सुरू होते; खाली जी साले येतील ती सगळी तिथपासूनची आहेत.

यातून कायदा कसा निघतो ते बघा. गुन्ह्याचे उत्तर शिक्षा नसून भरपाई, हे पहिले तत्त्व. बिघडवले त्यानेच निस्तरायचे, हे दुसरे. आणि मुखियासुद्धा यातून सुटत नाही, हे तिसरे, कारण देवांचा मुखिया सुटला नव्हता. दोन प्रसिद्ध म्हणीही याच कथाचक्रातल्या आहेत. ऑर्लान्थ म्हणतो की हिंसा हा पर्याय नेहमीच हाताशी असतो. एर्नाल्डा म्हणते की दुसरा मार्ग नेहमीच असतो. दोन्ही एकाच वेळी खऱ्या मानल्या जातात, आणि कुळाच्या मंडळातला जवळजवळ प्रत्येक वाद या दोन म्हणींच्या मधल्या जागेत घडतो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे तत्त्वज्ञानापुरते राहणार नाही. माझ्या खेळात खेळाडूंच्या कुळातल्या एका तरुणाने शेजारच्या कुळाच्या मुखियाला मारले. तो मुखिया दुष्काळात पाण्याची वाट अडवून बसला होता. जमातीच्या सभेत कायदेपंडित बसला. हे पंडित लँकोर मायचे उपासक असतात आणि त्यांना दाढी असावीच लागते, इतकी की त्या पंथातल्या स्त्रियाही खोटी दाढी लावतात. माझ्या खेळातली पंडित अशीच होती. शेजाऱ्यांनी सांगितले की हा खून येल्मच्या खुनासारखा आहे, तेव्हा मारणाऱ्याने स्वतः आमच्याकडे येऊन निस्तरावे, म्हणजे आमच्या घरी राहावे. खेळाडूंपैकी एकीने मात्र वेगळीच कथा काढली: अरोका या निळ्या ड्रॅगनने पाऊस देणाऱ्या हेलरला गिळले होते आणि ऑर्लान्थने अरोकाला मारून पाऊस सोडवला, त्याची भरपाई ऑर्लान्थने कधी दिली नाही. तुमचा मुखिया सूर्य होता की ड्रॅगन, ते आधी ठरवा, असे तिने सभेला विचारले. पुढचा दीड तास त्या एकाच प्रश्नावर वाद झाला. कोणी फासा उचलला नाही, आणि गृहपाठाची तक्रार करणारा खेळाडू पुस्तक उघडून तिसरी कथा शोधत होता.

तेव्हा कथा वाचायला देऊ नका. दाखला म्हणून वापरायला द्या. एका बैठकीला एक कथा, तीही दहा ओळींत, आणि तिचा उपयोग कोणत्या भांडणात होऊ शकतो याची पुसटशी खूण. बाकी खेळाडू करतात.

पुराणानंतर इतिहास. तो इथे कुळांची सनद म्हणून कामाला येतो. ११२० साली ड्रॅगन पास या प्रदेशात ड्रॅगनांनी मानवी सैन्याचा इतका समूळ संहार केला की पुढची जवळपास दोनशे वर्षे तिथे माणसाची वस्ती नव्हती. दरम्यान दक्षिणेकडे बेलिंटार नावाचा परका, जो पुढे देवराजा म्हणून ओळखला गेला, त्याने १३१३ ते १३१८ या काळात हेर्टलँड हा तिथला प्रदेश जिंकला, आणि ज्यांना त्याची सत्ता मान्य नव्हती ती कुळे उत्तरेकडच्या त्या ओसाड, शापित मानलेल्या मुलखात शिरली. कॉलीमार जमात त्यांतली सर्वांत जुनी. म्हणजे ज्या जमाती आज प्राचीन असल्याचा आव आणतात, त्या जेमतेम तीनशे वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्या सगळ्या जमिनी कोणाच्या तरी होत्या: ट्रोल, बुटके, एल्फ, पशुमानव, ड्रॅगनांच्या जातकुळीचे ड्रॅगन्यूट. पूर्वजांनी कोणाशी कोणता करार केला, कोणाला काय कबूल केले आणि ते पाळले का, यावर आजच्या शिवेचा वाद उभा राहतो. खेळाडूंच्या कुळासाठी असा एक करार आज रात्रीच लिहून काढा, आणि त्यातले एक कलम कुळ विसरले आहे असे ठरवा.

याच मुलखात पुढे सार्तार नावाचा माणूस आला; राज्याला नाव त्याचेच. त्याचे चरित्र गेममास्टरने तीनदा वाचावे, कारण जमातींना कसे हाताळायचे याचा तो वस्तुपाठ आहे. हा माणूस बाहेरचा होता, त्याला इथे भावकी नव्हती. कोणत्याही जमातीला तलवारीने न जिंकता त्याने १४९२ साली राज्य स्थापन केले. त्याने वैरे मिटवली, रस्ते बांधले, आणि नगरे वसवली: बोल्डहोम, जॉन्सटाउन, स्वेन्सटाउन, विल्म्सकर्क. यातली हुशारी नगरांच्या रचनेत आहे. काही जमाती मिळून एक संघ, आणि त्या संघाचे एक सामाईक नगर. कालपर्यंत एकमेकांची गुरे पळवणाऱ्यांना आज एकाच बाजारात दुकान लावायचे असते, आणि बाजार बंद पडणे कोणालाच परवडत नाही. त्याने स्वतःला राजांचा राजा म्हणवून घेतले नाही. त्याचे वंशज 'प्रिन्स' म्हणवत राहिले. १५२० साली त्याने स्वतःला अग्नीत अर्पण केले आणि तो देवत्वाला गेला. बोल्डहोममध्ये त्याची ज्योत तेवत राहिली, आणि गादीवरचा हक्क त्या ज्योतीशी जोडला गेला. आपल्याकडचे काही वाचक इथे लगेच शिवछत्रपती आणि वतनदार यांची तुलना मांडतात. मला ती फारशी पटत नाही. वतनदारांना वठणीवर आणण्यासाठी महाराजांकडे किल्ले आणि फौज होती, सार्तारकडे होते ते मुख्यतः बोलणे.

रोजच्या राजकारणासाठी मात्र राजांपेक्षा गाई जास्त कामाच्या. ऑर्लान्थींची संपत्ती गुरांत मोजली जाते. रूनक्वेस्टच्या हिशेबाने एक गाय २० लुनारांची (लुनार हे चांदीचे नाणे), आणि मुक्त शेतकऱ्याची खंडणी, म्हणजे तो पकडला गेला तर सोडवायला द्यायची रक्कम, ५०० लुनारांची, म्हणजे २५ गाई; जिवाची किंमतही मी तीच धरतो. हा आकडा डोक्यात ठेवला की पुष्कळ गोष्टी आपोआप सुचतात. एका रात्री शेजाऱ्याच्या दहा गाई हाकून आणणे हा तरुणांचा पराक्रम असतो, त्यात जीव गेला नाही तर मोठे वैर होत नाही, उलट पोवाडा होतो. पण एक गुराखी मेला की पराक्रमाचे सगळे गणित उलटते आणि आणलेल्या गाईंच्या अडीचपट गाई भरपाईत जातात. माझ्या मराठी खेळाडूंना हे समजावून सांगावे लागले नाही. विराटपर्वातले गोग्रहण सगळ्यांनी ऐकलेले होते, आणि एकीच्या गावच्या वीरगळावर गाई आणि त्यांच्यासाठी पडलेला माणूस कोरलेला होता. तिने तो दगड जसाच्या तसा आपल्या कुळाच्या शिवेवर आणून उभा केला.

गाईंनंतर लग्ने. कुळाच्या आत लग्न होत नाही, सगोत्र विवाहाइतकेच ते निषिद्ध. बहुतेक वेळा बायको नवऱ्याच्या कुळात येते, म्हणजे कुळातल्या जवळजवळ प्रत्येक सासुरवाशिणीचे माहेर हे संभाव्य शत्रू. वैर पेटले की तिचे भाऊ पलीकडे आणि मुलगे अलीकडे असतात. शिवाय लग्नांचे प्रकार अनेक आहेत. एका वर्षापुरता करार करून केलेले लग्नही मान्य असते, आणि कोणाचा दर्जा वरचा, कोणी कोणाच्या घरी राहायचे, हे वाटाघाटीत ठरते. एर्नाल्डाच्या मंदिरांत वेगवेगळ्या कुळांच्या स्त्रिया एकत्र येतात, आणि तिथे झालेले बोलणे पुरुषांच्या सभेपेक्षा आठ दिवस पुढे असते, असे मी तरी नेहमी खेळवतो. तुमच्या खेळात एखादी आजी असू द्या, जिला आसपासच्या कुळांतली सगळी नातीगोती पाठ आहेत. राजापेक्षा ती जास्त काम देईल.

एकच गोष्ट अशी आहे जिला भरपाई नाही: आपल्याच कुळातल्या माणसाचा खून. भरपाई कुळाने कुळाला द्यायची असते, तेव्हा इथे देणारा आणि घेणारा एकच होतो, आणि हिशेब कधी मिटतच नाही. अशा माणसाला कुळाबाहेर काढतात. बहिष्कृताच्या खुनाबद्दल भरपाई मागायला कोणी उरत नाही, म्हणून त्याला कोणीही मारू शकतो. उगाच दिसेल त्याच्यावर तलवार उपसणारा खेळाडू तुमच्याकडे असेल, तर त्याला ही शक्यता सभेत एकदा केवळ उच्चारून दाखवा. दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

नियमांविषयी थोडक्यात. २०१८ च्या आवृत्तीत सार्तारच्या पात्राला सुरुवातीलाच कुटुंबावरील प्रेम, कुळनिष्ठा आणि जमातनिष्ठा या तीन भावना प्रत्येकी ६० टक्क्यांवर मिळतात. पुष्कळ जण त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करतात, आणि मग राजकारण सापडत नाही म्हणतात. तिन्ही आकडे सारखे आहेत, ही त्यातली गंमत आहे: कुळ आणि जमात समोरासमोर आली तर पात्राचा कल आधीपासून ठरलेला नाही. एखादी भावना ८० टक्क्यांवर गेली की गेममास्टर त्या भावनेप्रमाणे वागण्याची सक्तीही करू शकतो. दर दोन बैठकींतून एकदा असा प्रसंग आणा जिथे कुळनिष्ठेचा फासा टाकून तो यशस्वी झाला तर २० टक्क्यांची मदत मिळेल, पण तीच कृती जमातीच्या विरुद्ध जाईल. पात्र तयार करताना आजी-आजोबांच्या काळापासूनचा इतिहास फासे टाकून ठरवण्याची जी सोय आहे, तीही वगळू नका. कोणाचा आजा कोणत्या लढाईत कोणत्या बाजूला होता, हे सभेत उकरून काढायला फार उपयोगी पडते.

लुनार साम्राज्याबद्दल, म्हणजे सार्तार जिंकणाऱ्या उत्तरेकडच्या परक्या सत्तेबद्दल, तुम्ही लिहिलेच नाही, त्यावरून ते तुमच्या खेळात केवळ शत्रूचे सैन्य असावे असे वाटते. १६०२ साली बोल्डहोम पडले, प्रिन्स सालिनार्ग मारला गेला, आणि त्यानंतर साम्राज्याने जमाती मोडल्या नाहीत. त्यांचे राजे बदलले. १६१३ च्या कॅलिर स्टारब्राउच्या साम्राज्याविरुद्धच्या बंडानंतर कॉलीमारच्या राणी लेइकाला परागंदा व्हावे लागले आणि तिच्या जागी साम्राज्याला सोयीचा कांगार्ल ब्लॅकमोर बसवला गेला. आता विचार करा: करार तोच, कुळे तीच, सभेची जागा तीच, आणि राजा परक्यांच्या पाठबळावर. त्याच्याकडे द्यायला पैसा आहे, साम्राज्याशी बोलून तो तुमच्या कुळाची कर-माफी करून आणू शकतो. त्याला पाडणाऱ्यांत तुमचे शत्रू आहेत, टिकवणाऱ्यांत तुमचे सोयरे. १६२५ साली ड्रॅगन उठून साम्राज्याच्या नव्या मंदिराचा घास घेतो, लेइका परतते, आणि मग प्रत्येक कुळाला उत्तर द्यावे लागते की मधली बारा वर्षे तुम्ही कोणाच्या पंगतीला होता. तुमचा खेळ १६२५ मध्येच सुरू झाला असल्याने ही चौकशी पुढच्याच बैठकीत येऊ शकते. ब्लॅकमोरला खलनायक मात्र करू नका. त्याच्यामुळे ज्या घरांतली मुले जिवंत राहिली, त्यांपैकी एक घर तुमच्या एखाद्या खेळाडूचे असावे.

हीरोक्वेस्ट, म्हणजे विधीद्वारे देवाच्या कथेत प्रत्यक्ष उतरून ती पुन्हा जगणे, हा या सगळ्याचा कळस आहे, आणि नवशिके तो फार लवकर चढवतात. त्यासाठी कुळाचा पाठिंबा लागतो, पवित्र काळातले दिवस लागतात. ग्लोरान्थाचे वर्ष २९४ दिवसांचे असते, ५६ दिवसांचे पाच ऋतू आणि वर्षअखेरचे १४ पवित्र दिवस. शेजारचे कूळ तुमच्या विधीत शत्रुदेवाच्या बाजूने उभे राहू शकते; कथेत ज्याला तुम्ही ट्रोल समजून मारता तो जागा झाल्यावर शेजाऱ्याचा मेहुणा निघतो. म्हणून आधी कोणाकोणाला विश्वासात घ्यायचे, कोणाला काय द्यायचे, हाच अर्धा खेळ. कथा बदलण्याचा मोह झाला तर किंमतही ठेवा. दुसऱ्या युगात गॉड लर्नर नावाच्या पंडितांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवतांची अदलाबदल करून पाहिली, आणि त्याचे फळ म्हणून दोन्हीकडची पिके गेली.

हे सगळे वाचण्याऐवजी हाताने करून पाहायचे असेल, तर 'किंग ऑफ ड्रॅगन पास' हा १९९९ सालचा संगणकीय खेळ घ्या. डेव्हिड डनहॅम यांनी तो ग्रेग स्टॅफर्ड यांच्या या जगावर बेतला, आणि २०११ पासून तो मोबाइलवरही आहे. त्यात तुम्ही एक कूळ चालवता, मंडळात सात सल्लागार असतात आणि ते एकमेकांशी सहमत होत नाहीत. सुरुवातीला पूर्वजांविषयी विचारलेल्या प्रश्नांची जी उत्तरे द्याल, ती पन्नास वर्षांनी अंगावर येतात. गेममास्टरने तो एकदा हरेपर्यंत खेळावा. पुस्तकांच्या बाबतीत, जितकी विकत घेतली आहेत तितकी पुरेत.

एक सावधगिरी, विषय निघालाच आहे म्हणून. या जमातींना आपल्याकडच्या आदिवासींचा पेहराव किंवा बोली चढवू नका. ऑर्लान्थी हे नांगर, गुरे, मंदिरे, लिखित कायदा आणि नगरे असलेले कांस्ययुगीन शेतकरी आहेत. त्यांची तुलना करायचीच तर गावगाड्याशी करा.

पुढच्या बैठकीसाठी एक वाद सुचवतो. टेल्मोरी हे लांडग्यांना भाऊ मानणारे लोक सार्तारच्या सीमेतच राहतात. प्राचीन शापामुळे त्यांना केऑसचा कलंक लागला आहे, त्यांनी माबोडर ही आख्खी जमात नष्ट केली, आणि शेजारी त्यांचा मनापासून द्वेष करतात; तरी सार्तारच्या राजघराण्याचे अंगरक्षक टेल्मोरीच होते, आणि घराण्याने त्यांना शब्द दिलेला होता. हिवाळ्याच्या तोंडावर टेल्मोरींची एक म्हातारी आणि दोन मुले खेळाडूंच्या कुळाच्या शिवेवर येऊन आतिथ्य मागतात. आतिथ्य नाकारणे पाप, केऑसला घरात घेणे त्याहून मोठे पाप. मंडळात माबोडरच्या घरातली एक सून आहे, आणि राजाचा निरोप्या वाटेत आहे; तो कोणत्या बाजूने बोलणार ते तुम्हीही आधी ठरवू नका, खेळाडू त्याला दारात काय विचारतात ते ऐकून ठरवा.